सांधेवाल्यांची बारा कुलपं

आमच्या केंद्राच्या फाटकावर एक मोठी पाटी आहे. पाटीवर पाच बोधचिन्हं आहेत, आणि त्या पाचांतलं कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे ठरवायला चार बैठका लागल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी चिडचिड सुरू झाली की ही बाई एवढी का वैतागली आहे, असं कोणी विचारायला नको.

केंद्राचं नाव एका दमात म्हणता येत नाही, म्हणून ते सोडून देते. शेजारशेजारच्या तीन भागांची वीज मंडळं, एक तंत्रनिकेतन आणि पवनचक्क्यांची एक कंपनी, अशा पाच जणांनी मिळून काढलेली ही शाळा. विजेच्या कामाला माणसं मिळत नाहीत, जुने जाणकार निवृत्त होत चालले, नव्यांना कोणी शिकवलेलं नाही. तेव्हा प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्यात रडत बसण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून माणसं तयार करावीत, असा विचार. विचार चांगला होता. विचार चांगलाच असतो हो, त्याची फाईल उघडली की घोळ सुरू होतो. त्या फायली माझ्याकडे. मी केंद्राची कारकून. नोकरीला सत्तावीस वर्षं झाली, त्यातली शेवटची तीन इथली, आणि डोक्यावरचे निम्मे पांढरे केस या तीन वर्षांतले.

मिळून काम करणं म्हणजे काय ते पहिल्याच महिन्यात कळलं. जमिनीखालून जाणारी विजेची केबल बिघडली की खड्डा खणून ती कापतात आणि पुन्हा सांधतात. हे सांधण्याचं काम आम्ही शिकवणार होतो. त्यासाठी पवनचक्कीवाल्यांनी केबल दिली, मनगटाएवढी जाड. नदीपलीकडच्या मंडळाने सांधायचं सामान दिलं, ते अंगठ्याएवढ्या केबलचं. तंत्रनिकेतनाने शेड दिली, तिला वीजजोडणीच नव्हती. विजेची शाळा आणि विजेचा पत्ता नाही. डोंगराकडच्या मंडळाने बारा खुर्च्या पाठवल्या आणि पोच मागणारी तीन पत्रं.

आणि आमच्या मंडळाने दिले ते सांधेवाले.

त्यांचं खरं नाव माझ्या रजिस्टरात आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ते मागे वळूनसुद्धा बघत नाहीत. अडतीस वर्षं केबलचे सांधे जोडले म्हणून सांधेवाले. त्यांच्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एक आजीबाई दुखरा गुडघा घेऊन त्यांच्या दारात गेल्या होत्या. ह्यांनी गुडघा नीट न्याहाळला म्हणे, आणि म्हणाले, "हा माझ्या हातातला नाही आजी. ह्यात ओल शिरली आहे." हसले नाहीत. ते हसत नाहीतच.

दिसायला किरकोळ माणूस. चष्मा दोरीने गळ्यात, नखं डॉक्टरासारखी स्वच्छ, आणि दोन्ही गुडघ्यांवर पँटला आतून घोंगडीचा तुकडा शिवलेला. सतराव्या वर्षी मामाच्या हाताखाली लागले. मामाने दोन वर्षं ह्यांना केबल पुसायच्या कामाशिवाय दुसरं काही करू दिलं नाही. सोललेली केबल पुसायचं एक शास्त्र आहे: फडकं एकाच दिशेने फिरवायचं, मागे आणायचं नाही. मागे आणलं की काळी भुकटी स्वच्छ भागावर येते, आणि ती भुकटी चार वर्षांनी, दहा वर्षांनी, कधीतरी सांधा फोडते. दोन वर्षं तेच केल्यावर माणसाच्या हाताला तेच वळण लागतं. निवृत्तीनंतर ते घरी बसले, आणि जेवणाचं टेबल, ओटा, खिडक्या, सगळं एका दिशेने पुसायला लागले. बायकोने पुसलं तर मागून येऊन पुन्हा पुसायचे. दोन महिन्यांनी बायकोने स्वतः मला फोन केला. "तुमच्या शाळेला मास्तर हवाय म्हणे. उद्याच घेऊन जा."

नेमणुकीचं प्रकरण तर विचारूच नका. नियमाप्रमाणे शिकवणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं. ह्यांच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नाही, कारण ते कामाला लागले तेव्हा हे काम शिकवणारी शाळाच नव्हती. मी अकरा पत्रं लिहिली. शेवटी 'विशेष अनुभवी व्यक्ती' असा एक रकाना शोधून काढला आणि त्यात त्यांना कोंबलं. उपकार मानणं राहिलंच बाजूला, मला म्हणाले, "बाई, सामान चुकीचं आलंय. ते परत पाठवायची पत्रं कधी लिहिणार?"

असा हा माणूस. त्याच्यापुढे मी किती वेळा हात टेकले याची नोंद ठेवली असती तर वेगळं रजिस्टर लागलं असतं.

पण शिकवायचे मात्र जीव ओतून. आवारात त्यांनी चार खड्डे खणून घेतले. प्रत्येक खड्ड्यात केबल, आणि दूरवर भिंतीला तिचा बंद-चालू करायचा स्विच. केबलमध्ये खरी वीज नाही. खड्ड्याच्या कडेला बॅटरीवरचा एक छोटासा बल्ब. कोणी चुकून स्विच चालू केला की बल्ब पेटणार. बल्ब पेटला की खड्ड्यातला माणूस मेला. सांधेवाले तिथेच जाहीर करायचे, "तू गेलास. बाकावर जाऊन बस." आणि मेलेल्याने चार वाजेपर्यंत बाकावर बसून राहायचं, कोणाशी बोलायचं नाही. दुसरा नियम सांध्याचा. "सांधा मनाला पटला नाही तर कापायचा. लोक काय म्हणतील, साहेब काय म्हणेल, ते तुमचं काम नाही. काप आणि पुन्हा कर." पोरं रडकुंडीला यायची. चार तासांचा सांधा, आणि ते शेवटी विचारायचे, "पटला?" पोरगं जरा घुटमळलं की, "काप!"

त्या बारा जणांत माझी लेक होती.

ती चोवीस वर्षांची. मोबाईलच्या दुकानात नोकरीला होती, पंख्याखाली बसून. ती सोडून खड्ड्यात उतरायला निघाली तेव्हा घरात आठ दिवस अबोला होता. पण तिन्ही मंडळांनी लिहून दिलं होतं की पास झालेल्या बाराही जणांना कायम नोकरी, फक्त उत्तीर्णांची यादी मार्चअखेरपर्यंत आली पाहिजे. नाहीतर त्या जागा रद्द, आणि कामं कंत्राटदाराकडे. लेकीने तो कागद माझ्या नाकापुढे धरला. कागदापुढे मी काय बोलणार?

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी ती माझ्या ऑफिसात आली आणि बाकावर धपकन बसली.

"काय गं? काम नाही का?"

"मी मेले."

"काय?"

"काकांच्या हिशोबाने. बल्ब पेटला. चार वाजेपर्यंत मेलेली आहे मी, आणि खरं तर तुझ्याशी बोलायचंही नाहीये." तिचे डोळे भरून आले होते. "आई, माझी चूक नव्हती गं. मी स्विच बंद करून पाटी लावली होती."

चूक खरंच तिची नव्हती. प्रकरण पाटीचं होतं. स्विच बंद करून कोणी कामाला गेलं की स्विचवर पाटी लटकवतात, म्हणजे दुसऱ्याने तो चालू करू नये. आमच्या मंडळात ही पाटी लाल असते. लाल म्हणजे 'काम चालू आहे, हात लावू नका'. लेकीने लाल पाटी लावली आणि ती खड्ड्यात उतरली. तेवढ्यात नदीपलीकडचा एक मुलगा तिथे आला. त्यांच्या मंडळात लाल पाटी म्हणजे 'ही लाइन चालू आहे, जपून'. काम चालू असेल तर ते पांढरी लावतात. त्याने बघितलं: पाटी म्हणते लाइन चालू, आणि स्विच तर बंद. कोणीतरी विसरलं असेल, असं म्हणून बिचाऱ्याने चांगुलपणाने स्विच चालू करून टाकला. आणि डोंगराकडच्या मंडळात पाटीच नाही, तिथे खडूने फुली मारतात.

तीन वर्षं आम्ही एकत्र काम करत होतो. पाच बोधचिन्हांचा क्रम ठरला होता. पाटीचा रंग कोणी कोणाला विचारला नव्हता.

सांधेवाल्यांनी त्या दिवशी शिकवणं थांबवलं. ते हात धुऊन, चष्मा पुसून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बाई, तिन्हीकडे एक खूण ठरल्याशिवाय मी पासाच्या यादीवर सही करणार नाही. लिहून घ्या."

मला वाटलं, रागात आहेत, उतरेल. कसलं उतरतंय! मार्च लागला, पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. बाराही जणांचे सांधे तपासून झाले, चाचण्या झाल्या, सगळे उत्तम. यादी मी तीनदा टाइप केली. ते ती हातात घ्यायचे, वाचायचे आणि सही न करता माझ्या टेबलावर ठेवायचे. मी गोड बोलून बघितलं, चिडून बघितलं. शेवटी एक दिवस माझा तोल गेला.

"मास्तर, तुम्हाला कळतंय का? पोरांच्या नोकऱ्या जातील! माझ्या लेकीने चांगली नोकरी सोडली आहे!"

"कळतंय."

"मग?"

"नोकरी गेली तर दुसरी मिळते," ते म्हणाले, आणि यादीच्या कोपऱ्यावरची धूळ पुसली. एका दिशेने. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी लेक माझ्याशी भांडायची, जणू सही मीच अडवली होती. आणि गंमत म्हणजे मी सांधेवाल्यांना शिव्या घातल्या की तीच उसळायची. "त्यांना काही बोलायचं नाही!" म्हणजे माझी दोन्हीकडून पिटाई.

मी धावपळ करून संयुक्त समितीची तातडीची बैठक लावली. समितीच्या अध्यक्षांना आम्ही पाठीमागे पाहूसाहेब म्हणतो, कारण काहीही विचारा, ते म्हणतात, "पाहू या." माणूस वाईट नाही. पण त्यांनी कधी कशाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि होही म्हटलेलं ऐकलं नाही.

बैठकीत दोन तास पाटीचं गुऱ्हाळ चाललं. नदीपलीकडचे म्हणाले, आमच्या पाट्या आत्ताच नव्या छापून आल्यात. आमचे साहेब म्हणाले, आमची पद्धत सर्वांत जुनी, बदलायची तर तुम्ही बदला. डोंगराकडचे म्हणाले, आमचं खडूवर चाललंय, तुमचं तुम्ही बघा. पवनचक्कीवाल्यांचा प्रतिनिधी म्हणाला की कंपनीच्या मुख्य कार्यालयाला विचारावं लागेल, आणि मुख्य कार्यालय परदेशात होतं. तंत्रनिकेतनाचे प्राध्यापक म्हणाले, निळा रंग घेतला तर कोणाचाच अपमान होणार नाही.

"पाहू या," पाहूसाहेब म्हणाले. "आपण एक उपसमिती नेमू."

शेवटच्या खुर्चीवर बसलेले सांधेवाले तेव्हा पहिल्यांदा बोलले. "उपसमिती खड्ड्यात उतरणार का?"

मी बैठकीचं इतिवृत्त लिहीत होते. ते वाक्य लिहावं की नाही, कळेना. सांधेवाले उठले, पायाशी ठेवलेली कापडी पिशवी त्यांनी टेबलावर उपडी केली. धडधड करत बारा कुलपं बाहेर आली. साधी, पितळी, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात तसली. प्रत्येकावर आकडा ठोकलेला, एक ते बारा.

"हे काय?" पाहूसाहेबांनी विचारलं.

सांधेवाले नदीपलीकडच्या साहेबांकडे वळले. "साहेब, तुमच्याकडे कुलपाचा अर्थ काय?"

"म्हणजे काय? कुलूप. उघडायचं नाही."

"डोंगराकडे?"

"तेच की."

"मग झालं तर. स्विच बंद करायचा, त्याच्या दांड्याला आपलं कुलूप घालायचं, किल्ली आपल्या गळ्यात. काम झालं की आपल्या हाताने काढायचं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. पाटी लाल लावा, पांढरी लावा, नाहीतर लग्नातल्यासारखी झालर लावा."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. तीन वर्षांत आमच्या बैठकीत पहिल्यांदाच कोणाला काही सुचलं होतं. आणि लगेच आमच्या लोकांनी त्यात पाचर मारली. एखाद्याची किल्ली हरवली तर? माणूस किल्ली घेऊन घरी गेला तर? लाइन बंद ठेवायची? नदीपलीकडच्या नियंत्रण कक्षाचे साहेब तर अडूनच बसले. अखेर ठरलं ते असं: कुलपं 'तात्पुरती व्यवस्था' म्हणून मान्य, दुसऱ्या किल्ल्या केंद्राच्या कार्यालयात जमा, आणि नियंत्रण कक्षाने मागणी केल्यास संबंधित किल्ली तात्काळ उपलब्ध करून द्यावी. ठराव क्रमांक नऊ. माझ्याच हाताने लिहिला.

सांधेवाल्यांनी यादीवर सही केली. एकतीस तारखेला, दुपारी साडेचारला. मी ती यादी स्वतः तिन्ही मंडळांना पोचवून आले. घरी गेल्यावर लेकीने मला उचलून गोल फिरवलं. माझी कंबर आठवडाभर धरली होती.

दुसऱ्या दिवशी सांधेवाले टेबलाशी आले. "बाई, त्या दुसऱ्या किल्ल्या कुठे आहेत?"

"ड्रॉवरमध्ये. नोंद केली आहे."

"फेकून द्या."

"मास्तर, ठराव झालाय. माझी सही आहे त्याच्यावर."

"मी पोरांना सांगितलंय, ह्या कुलपाला दुसरी किल्ली नाही. त्या भरवशावर ती खड्ड्यात उतरणार." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "दुसरी किल्ली असली तर ते कुलूप नाही, बाई. ती पाटीच झाली."

"सगळं तुमच्याच मनासारखं व्हायला पाहिजे का?" मी म्हणाले. "नोकरी माझी जाईल, तुमची नाही. मला तुमच्यासारखं 'विशेष अनुभवी' म्हणून कोणी पोसणार नाही!"

ते गेले. त्यानंतर त्यांनी माझ्या टेबलावर चहा घेणं बंद केलं. रोज अकराचा चहा ते माझ्याकडे घ्यायचे. आता शेडमध्ये एकटेच बसायला लागले. मी म्हटलं, बसा. किती दिवस कोणाच्या नाकदुऱ्या काढायच्या? किल्ल्या ड्रॉवरमध्ये, एका डब्यात, बारा खणांत, आकड्यांप्रमाणे लावलेल्या. कारकुनी म्हणजे माझंही एक सांधणंच आहे; कागदाला कागद नीट जुळला पाहिजे.

लेकीला नदीपलीकडच्या मंडळात नोकरी मिळाली. सात नंबरचं कुलूप तिचं. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात, झोपताना सुद्धा. मी एकदा म्हटलं, अगं, रात्री तरी काढ. तर म्हणाली, "एकच आहे ना आई. हरवली तर?" मी उशांचे अभ्रे बदलत होते. तेच करत राहिले.

पाच महिने गेले. ऑगस्टमध्ये एका मंगळवारी, बाराला वीस मिनिटं कमी असताना, फोन वाजला. नदीपलीकडचा नियंत्रण कक्ष. तेच अडून बसलेले साहेब.

"मॅडम, सात नंबरच्या कुलपाची दुसरी किल्ली हवी आहे. आमचा माणूस मोटारसायकलवर निघालाय, पंधरा मिनिटांत पोचेल."

माझा हात ड्रॉवरकडे गेलासुद्धा. सवयीने. ड्रॉवर उघडला, डबा उघडला, सातव्या खणातली किल्ली माझ्या बोटांत आली, आणि मग माझ्या लक्षात आलं की सात म्हणजे कोण.

"का हवी आहे?"

"सांधा झालाय, मदतनिसाचा फोन येऊन गेला. जेवायला गेले असतील आणि कुलूप तसंच राहिलंय. तुमच्या त्या मुलीचा फोन लागत नाही. इथे तीन वसाहती सकाळपासून बंद आहेत, वरून मला शिव्या बसतायत."

फोन लागणार नव्हता. काम करताना फोन बंद करून गाडीत ठेवायचा, हा सांधेवाल्यांचा नियम. स्विचची पेटी एका टोकाला, खड्डा दोन किलोमीटरवर. पेटीपाशी उभ्या असलेल्या माणसाला खड्डा दिसत नाही.

"खड्ड्यात कोणी नाही, हे बघितलंत?"

"मदतनीस म्हणाला ना, झालं म्हणून."

"तुम्ही कोणाला पाठवून बघितलंत का?"

"मॅडम, मी नियंत्रण कक्षात बसतो, खड्ड्यात नाही. ठराव क्रमांक नऊ वाचा. तात्काळ, असं लिहिलंय. तुम्हीच लिहिलंय!"

लिहिलं होतं. माझंच वळणदार अक्षर. किल्ली माझ्या मुठीत होती.

"किल्ली माझ्याकडे नाही," मी म्हणाले.

सत्तावीस वर्षांत कार्यालयीन कामात मी खोटं बोलले नव्हते. एकदाही नाही.

"नाही म्हणजे? नोंद आहे!"

"नोंद आहे. किल्ली नाही."

"मग कुलूप तोडतो!" ते ओरडले.

"तोडा की. फक्त तोडण्याआधी मला लेखी पाठवा, साहेब. कोणाच्या आदेशाने तोडलं, किती वाजता तोडलं, आणि खड्डा रिकामा असल्याची कोणी खात्री केली, त्याचं नाव आणि सही. मी आवक क्रमांक टाकते आणि लगेच अध्यक्षांना प्रत पाठवते."

अशा माणसांना मी ओळखते; माझं आयुष्य त्यांच्यात गेलंय. तोंडाने ती वाटेल ते करायला तयार असतात. सहीचं नाव काढलं की हात आखडतो.

"बघून घेईन," ते म्हणाले आणि त्यांनी फोन आपटला.

मी किल्ली पर्समध्ये टाकली. मोटारसायकलवाला आला, त्याला पाणी दिलं आणि परत पाठवला. दिवसभर एकही कागद धड वाचता आला नाही. पाच मिनिटांत लेकीला फोन, दहा मिनिटांत फोन, फोन बंद. अडीचला तिचा निरोप आला: 'खड्ड्यात होते. एवढे मिस्ड कॉल कसले?' मला तिचा इतका राग आला, इतका राग आला, की मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

संध्याकाळी जेवताना ती मनगटं चोळत होती. "हात नुसते भरून आलेत आज. एक सांधा दोनदा करावा लागला."

"का?"

"झाला होता गं, पूर्ण झाला होता. मदतनीस फोन करून डबा खायला गेला. मी शेवटचं बघत होते, आणि मनाला पटेना. आत कुठेतरी एक बोटभर पुसायचं राहिल्यासारखं वाटलं. मग कापला." ती पाणी प्यायली. "साहेब केवढे चिडले नंतर. म्हणे, किल्लीच मिळेना. कसली किल्ली, कोणास ठाऊक."

"किती वाजता कापलास?" मी विचारलं.

"साडेअकरा असतील. दोन वाजेपर्यंत हात आतच होते. का?"

"काही नाही," मी म्हणाले. "जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ल्यांचा डबा घेऊन शेडमध्ये गेले. सांधेवाले टेबलाशी एकटेच होते, दिवसाचं सामान मांडत. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला.

"करवत द्या."

त्यांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही. टेबलाला जडलेला लोखंडी शिकंजा सैल केला, एक नंबरची किल्ली त्यात घट्ट बसवली आणि लोखंड कापायची करवत माझ्या हातात दिली. मी कापायला लागले. "घाई करू नका," ते म्हणाले. "जोर लावू नका, पातं आपोआप खातं." सांगितल्याशिवाय राहवेल तर ना! एक, दोन, तीन. सहा झाल्या तेव्हा माझा खांदा भरून आला होता. सातवी मी पर्समधून काढली.

"ही वेगळी का?" त्यांनी विचारलं.

मग मी सांगितलं. फोन सांगितला, मोटारसायकलवाला सांगितला, माझी लेक तेव्हा काय करत होती ते सांगितलं. ते टेबलावरचा किल्ल्यांचा चुरा फडक्याने पुसत होते, नेहमीसारखा, माझ्यापासून दूर, एका दिशेने. ऐकता ऐकता फडकं पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. चुरा सगळ्या टेबलभर पसरला.

"मास्तर," मी म्हणाले, "फडकं मागे आलं तुमचं."

"आलं तर आलं," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिले.

बाराही किल्ल्यांचे तुकडे मी भंगाराच्या पेटीत टाकले. रजिस्टरात त्यांच्या नोंदीपुढे शेऱ्याचा रकाना आहे. त्यात मी लिहिलं, 'दुसरी किल्ली नाही', आणि खाली सही केली. पाहूसाहेबांनी ते बघितलं की चौकशी लागेल. लागू दे. लेकीला मी काहीच सांगितलेलं नाही. ती अजून रोज तिची एकुलती एक किल्ली गळ्यात घालून कामाला जाते, आणि आता ती खरोखरच एकुलती एक आहे.

अकरा वाजता सांधेवाले माझ्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बाई, जाड केबलचं सामान अजून आलेलं नाही. तीन वर्षं झाली. पत्र लिहिलंय की नाही?"

मी कपाळाला हात लावला आणि दोन चहा सांगितले.